यशिका इलेक्ट्रो ३५ घरी उघडून चालू करायचाय? मग आधी हे वाचा

आजोबांचा, काकांचा नाहीतर आखातातून आलेल्या मामाने आणलेला रोलचा कॅमेरा ज्यांच्या कपाटात पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं एकत्र सांगायला गेलं की ते कुणाच्याच कामाचं राहत नाही, म्हणून एकच धरतो, यशिका इलेक्ट्रो ३५, आणि त्यातही त्याचं जीएसएन हे मॉडेल. पहिला इलेक्ट्रो ३५ आला १९६६ साली, जीएसएन १९७३ चा. ४५ एमएमची एफ १.७ लेन्स, पानांचं शटर (पातळ पानं क्षणभर उघडून रोलवर उजेड सोडतात ते), आणि अपर्चर (लेन्समधलं उजेड यायचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) तुम्ही ठेवायचं, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवणार, अर्ध्या मिनिटापासून १/५०० सेकंदापर्यंत. इतकी चांगली लेन्स आजही एवढ्या कमी पैशात दुसरीकडे मिळणं अवघड आहे, आणि म्हणूनच हे कॅमेरे भंगारात गेलेले बघून जीव तुटतो.

माझं ठाम मत आहे की "बंद पडलाय" म्हणून टाकून दिलेल्या इलेक्ट्रोंपैकी बहुतेकांचं मूळ यंत्र ठणठणीत असतं. खराब झालेलं असतं ते आजूबाजूचं चिल्लर सामान, म्हणजे फोम, एक रबराचा तुकडा, बॅटरीची वायर, सुकलेलं ग्रीस. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर घ्यायच्या आधी नक्की काय बिघडलंय ते शोधायचं, आणि जेवढं उघडावं लागेल तेवढंच उघडायचं. उगाच आत काय आहे बघू म्हणून उघडलेले कॅमेरे परत बंद होत नाहीत, पिशवीत सुटे भाग होऊन जुन्या बाजारात येतात.

न उघडता काय काय तपासायचं

सगळ्यात आधी बॅटरी. मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची, ती आता बनतच नाही. आतमध्ये तीच जुनी सापडली तर ती फोडू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या, हात धुवा. तिच्या जागी ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, कुत्र्यांच्या ट्रेनिंग पट्ट्यात घालतात तीच, नाहीतर सिल्व्हर ऑक्साइडची ४एसआर४४, ती जरा महाग पण व्होल्टेज शेवटपर्यंत नीट धरते. ०.४ व्होल्ट जास्त आहेत त्याने काही होत नाही, बिनधास्त वापरा. अडचण फक्त आकाराची, नवीन बॅटरी मूळपेक्षा बारीक आणि बुटकी असते, म्हणून बाजूने जाड कागदाची गुंडाळी करायची आणि उरलेल्या लांबीत एक स्प्रिंग किंवा घट्ट चुरगळलेला अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा बसवायचा. प्लस मायनसची खूण बॅटरीच्या खणाजवळ असते ती बघूनच घाला.

आता मागच्या बाजूचं बॅटरी चेकचं बटण दाबा. फोटो मोजायच्या आकड्याची जी छोटी खिडकी आहे ती हिरवी उजळली की वीज आत पोचतेय. उजळली नाही तर घाबरू नका, त्याचं पुढे सांगतो.

मग लेन्सवरची रिंग ऑटोवर ठेवा आणि शटरचं बटण हळूच अर्धं दाबा. अपर्चर एफ १.७ ठेवून खिडकीकडे, म्हणजे भर उजेडाकडे धरलं तर लाल दिवा लागायला हवा, त्याचा अर्थ उजेड फार जास्त आहे. एफ १६ ठेवून खोलीच्या कोपऱ्यात धरलं तर पिवळा, म्हणजे शटर १/३० पेक्षा हळू चालणार, हात हलेल, कॅमेरा टेकवा. मधल्या उजेडात दोन्ही बंद. कुठलाही दिवा कायम लागलेला राहत असेल, किंवा दोन्ही मनाला येईल तसे लागत असतील, तर ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यानंतरची तपासणी माझी आवडती आहे. मागचं झाकण उघडा, रोल नाहीये याची खात्री करा, एफ १६ ठेवा, पुढच्या बाजूला जो उजेड मोजणाऱ्या सेलचा छोटा डोळा आहे त्यावर बोट ठेवून तो पूर्ण झाका आणि शटर दाबून धरा. शटर उघडलं पाहिजे आणि उघडंच राहिलं पाहिजे. मागून लेन्समधून बघा, बारीकसं भोक दिसेल त्यातून पलीकडचा उजेड येतोय. आता बटण तसंच दाबून ठेवून बोट काढा, टिक करून शटर बंद. हा कॅमेरा शटर उघडं असतानासुद्धा उजेड मोजत असतो, म्हणून हे होतं. एवढं बरोबर झालं तर पन्नास वर्षांपूर्वीचं सर्किट जिवंत आहे असं समजा, आणि तुमचं निम्मं टेन्शन तिथेच संपलं. बॅटरी काढून शटर दाबलं तर ते प्रत्येक वेळी १/५०० वरच मारतं, म्हणजे बॅटरी नसताना शटर भुर्रकन उघडून बंद होतंय हा बिघाड नाही, ते तसंच बनवलंय. बॅटरी काढूनही पानं हलत नसतील तर मात्र ती चिकटलीयेत.

आता कान लावायचा. पंखा, टीव्ही बंद करा, शटर मारून घ्या आणि रोल पुढे सरकवायचा लिव्हर अगदी सावकाश फिरवा. चांगल्या इलेक्ट्रोमध्ये लिव्हर फिरत असताना आतून एक स्पष्ट "टक" असा जाड आवाज येतो. गिअरची करकर वेगळी आणि हा टक वेगळा, एकदा ऐकला की विसरणार नाही. तो येत नसेल तर आतल्या रबराच्या पॅडची वाट लागली आहे. या पॅडला जगभरात लोक मृत्यूचा पॅड म्हणतात इतका तो बदनाम आहे, पण नावाला घाबरायचं काही कारण नाही, ते काम होण्यासारखं आहे.

एक गोष्ट करू नका, सेल्फ टायमरला हात लावू नका. वर्षानुवर्षं न फिरलेला टायमर मध्येच अडकतो आणि त्याच्यासोबत चालू शटरही अडकवून ठेवतो. बाकी सगळं नीट झालं की बघू.

सामान काय लागतं

जपानी कॅमेऱ्याचे स्क्रू दिसायला साध्या फुलीचे असले तरी ते जेआयएस मापाचे असतात, आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. म्हणून बाकी कशातही काटकसर करा पण बारीक मापांचे दोन-तीन जेआयएस ड्रायव्हर चांगले घ्या. त्याशिवाय टोकदार चिमटा, हवेचा रबरी फुगा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लायटरमध्ये भरायचं फ्लुइड, कानाच्या काड्या, बांबूचे टूथपिक, आणि दोन टोकांचा लेन्स स्पॅनर. स्पॅनर नसेल तर कंपासपेटीतला दोन्हीकडे सुई असलेला डिव्हायडर बऱ्याच वेळा काम भागवतो, फक्त तो निसटला की सरळ काचेवर ओरखडा जातो, तेव्हा काचेवर आधी कागदाची गोल चकती ठेवा. सोल्डरिंग गन २५ वॉटची पुरे. पुण्यात तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, यातलं बरंचसं तिथे मिळून जातं, आणि चिमटे-ड्रायव्हर घड्याळवाल्यांना सामान विकणाऱ्या दुकानात जास्त चांगले मिळतात.

बसायची जागा महत्त्वाची आहे. मोठ्या परातीत पांढरा सुती कपडा घालून त्यात काम करा, स्क्रू पडला तर परातीतच राहतो, फरशीवर पडून सोफ्याखाली जात नाही. छताचा पंखा बंदच पाहिजे, गरम होत असलं तरी, कारण आतले काही वॉशर इतके पातळ असतात की वाऱ्याने उडतात. स्क्रू ठेवायला सात दिवसांच्या गोळ्यांचा डबा येतो ना, सोमवार मंगळवार लिहिलेला, तो मस्त, सोमवारच्या खणात पहिल्यांदा काढलेले, मंगळवारच्या खणात त्यानंतरचे, जोडताना उलट यायचं. आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः वायर कुठल्या रंगाची कुठून कुठे गेलीये त्याचा.

फोमपासून सुरुवात करा

मागच्या झाकणाच्या कडेने कॅमेऱ्याच्या बॉडीत खाचा असतात आणि त्यात काळा फोम भरलेला असतो, बाहेरचा उजेड रोलवर येऊ नये म्हणून. बिजागरीजवळ एक जाड पट्टी असते. इतक्या वर्षांत तो फोम उन्हात वितळलेल्या डांबरासारखा होतो, बोटाला लागला की निघत नाही, झाकण उघडताना तार सुटते. तुमच्या कॅमेऱ्यात दुसरं काहीही बिघडलेलं नसलं तरी हे काम करावंच लागणार, आणि यात काहीच उघडायचं नसल्यामुळे हात बसवायलाही हेच काम चांगलं.

आधी लेन्सच्या मागच्या काचेवर कागद चिकटवून ती झाका, साधी मास्किंग टेप चालेल. टूथपिकचं टोक थोडं चपटं करून, अल्कोहोलमध्ये बुडवून खाचेतून एका दिशेने ओढत जायचं, मागेपुढे घासायचं नाही, नाहीतर तो काळा लगदा पसरतो आणि रोलच्या मार्गात जातो. थोडं ओढलं की टूथपिक पुसा, परत बुडवा, परत ओढा. जुना चिकट थर मऊ व्हायला दोन-चार मिनिटं लागतात, तेवढा वेळ द्या, खरवडू नका, खाचेतला काळा रंग निघाला तर तिथली चमकही उजेड परावर्तित करते. पूर्ण साफ झालं की खाच मॅट काळी आणि कोरडी दिसते, त्यात फिरवलेली कानाची काडी पांढरी बाहेर आली पाहिजे.

नवीन काय भरायचं? ऑनलाइन कापलेल्या फोमचे सेट मिळतात, पण मला खाचांसाठी काळी लोकर जास्त आवडते, विणकामाची, न फुगलेली, घट्ट पिळाची. खाचेत अगदी नावाला फॅब्रिक ग्लूचे ठिपके द्या आणि लोकर टूथपिकने दाबत जा. फोम परत काही वर्षांनी कुजणार, लोकर कुजत नाही. बिजागरीला मात्र लोकर नको, तिथे काळं फेल्ट किंवा पाठीला गोंद असलेली मखमल लावा, साधारण दोन मिलिमीटर जाडीची. झाकण बंद करून बघा, जोर लावावा लागत असेल तर जाडी जास्त झालीये, पातळ करा, कारण झाकण पूर्ण बसलं नाही तर रोल मागे सपाट राहत नाही आणि एका बाजूचा फोकस जातो.

ज्यांच्याकडे पेंटॅक्स के१००० किंवा झेनिटसारखा एसएलआर (लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा) आहे त्यांना हेच सगळं लागू आहे पण दुप्पट जपून, कारण तिथे झाकण उघडल्याबरोबर समोर शटरचा कापडी पडदा असतो, त्याला ना बोट लावायचं ना अल्कोहोल.

बॅटरीचा खण

हिरवी खिडकी उजळली नव्हती ना, ते इथे. झाकणीच्या आतल्या बाजूला आणि खणाच्या तळाला पांढरी किंवा हिरवी-निळी पूड दिसेल, ती गळलेल्या बॅटरीची. ती अल्कलीची असते म्हणून ती मारायला आम्ल लागतं, घरातलं पांढरं व्हिनेगर कानाच्या काडीवर घ्या, ओघळू देऊ नका, फक्त ओली काडी. हलकासा फेस येतो, पुसा, परत लावा, पूड गेली की अल्कोहोलने पुसून कोरडं करा. तांबडं-पिवळं धातू दिसेपर्यंत झाकणीचे आटेसुद्धा साफ करा कारण वीज त्या आट्यांमधूनच जाते, पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं आणि लोक मात्र सर्किट जळलं म्हणून कॅमेरा टाकून देतात.

एवढं करूनही उजेड नाही तर बॉडीचं खालचं कव्हर काढा, त्याचे स्क्रू समोरच दिसतात. बॅटरीच्या खणाला जोडलेली वायर बघा. गळती वायरच्या प्लास्टिकच्या आतून वर चढते, बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि आत तांबं काळं पडून भुगा झालेला असतो. चिमट्याने हलकेच ओढा, सुटून आली तर कारण सापडलं. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची, आणि कमी पडली तर तेवढ्याच जाडीची नवी वायर जोडायची. सोल्डरिंग गन दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आसपास प्लास्टिक आहे.

वरचं कव्हर

इथून पुढे खरं उघडणं सुरू होतं, आणि टक आवाज येत असेल, दिवे बरोबर असतील, व्ह्यूफाइंडर (ज्यातून डोळा लावून बघतो ती खिडकी) स्वच्छ असेल तर इथून पुढे जायची काहीच गरज नाही, थेट रोल भरा.

रोल गुंडाळायचा नॉब आधी. मागचं झाकण उघडून आतल्या दुबेळक्यात एक पेन्सिल आडवी अडकवा म्हणजे तो फिरणार नाही, आणि वरून नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा. लिव्हरच्या डोक्यावर दोन बारीक भोकांची चकती असते, ती स्पॅनरने. मग कव्हर धरून ठेवणारे बारीक स्क्रू. ते सगळे सारख्या लांबीचे असतीलच असं नाही, म्हणून कुठला कुठून निघाला ते लिहा. सगळं निघाल्यावरही कव्हर हलत नसेल तर ओढाताण नको, एखादा स्क्रू राहिलाय असं समजून परत शोधा. आणि निघालं की एकदम वर उचलू नका, जीएसएनला वर फ्लॅशचा हॉट शू आहे, त्याची वायर कव्हरपासून खाली गेलेली असते. कव्हर थोडं उचलून पुस्तकाच्या पानासारखं बाजूला कलतं करायचं.

आत पहिल्यांदा दिसतो तो व्ह्यूफाइंडर आणि रेंजफाइंडरचा (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायची सोय) ठोकळा. धुरकट दिसतं ते बाहेरच्या काचांच्या आतल्या बाजूला साचलेल्या थरामुळे, त्या अल्कोहोलच्या काडीने पुसा, फरक लगेच दिसतो. पण मधे जी तिरकी अर्धपारदर्शक काच आहे तिला काडी लावायची नाही. तिच्यावरचा मुलामा इतका नाजूक असतो की एका पुसण्यात निघून जातो, आणि तो गेला की फोकसचा पिवळा ठिपका कायमचा गेला. तिला फक्त फुग्याची हवा. थोडी धूळ राहिली तरी राहू द्या.

ठिपका सरकलेला आहे का ते गच्चीवर जाऊन बघा, अर्धा-एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी घ्या, लेन्स अनंतावर ठेवली की दोन्ही प्रतिमा एकावर एक यायला हव्यात. येत नसतील तर ठोकळ्यावर रंगाचा ठिपका लावून सील केलेले छोटे स्क्रू असतात, त्यांना केसभर फिरवायचं आणि परत बघायचं. खोलीतल्या भिंतीवर हे जमवू नका, लांबचंच टार्गेट पाहिजे.

आता तो पॅड. इलेक्ट्रोमध्ये शटरचं बटण दाबलं की एक दांडा खाली जातो आणि लिव्हर फिरवताना तो परत वर येऊन एका रबराच्या छोट्या तुकड्यावर आपटतो, तोच तो टक. या दांड्याच्या जागेवर आतले विजेचे संपर्क अवलंबून आहेत. रबर कुजून चपटं झालं किंवा गळून पडलं की दांडा आपल्या जागी थांबत नाही, संपर्क चुकीच्या वेळी जुळतात, दिवे वेड्यासारखे लागतात आणि शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं, फोटो पांढरेफटक येतात. इतक्या मोठ्या कॅमेऱ्याची गाडी एका रबराच्या कपच्यावर अडते, आणि ती बदलली की तोच कॅमेरा परत तंतोतंत उजेड मोजायला लागतो, हे प्रत्येक वेळी बघताना भारी वाटतं.

वरचं कव्हर काढल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी टॉर्चने वरून आत बघा, दांडा दिसतो, बटण दाबा आणि लिव्हर फिरवा, तो कसा हलतो ते आठ-दहा वेळा नुसतं बघत बसा, समजेपर्यंत हात घालू नका. जुन्या रबराचे काळे अवशेष लांब चिमट्याने आणि अल्कोहोलच्या अगदी बारीक काडीने काढा. नवीन तुकड्यासाठी टणक रबर घ्या, साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचं. खोडरबर नको, फोम तर अजिबात नको, दोन्ही दबतात आणि पुन्हा तेच रामायण. तुकडा जागेवर धरून आधी चिकटवल्याशिवाय लिव्हर फिरवून बघा, टक आला आणि दिवे शहाण्यासारखे वागले की मग काँटॅक्ट अॅढेसिव्हचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. फेव्हिक्विकसारखा गोंद इथे वापरू नका, त्याची वाफ काचेवर पांढरा थर धरते आणि ओघळला तर दांडाच जाम.

काही कॅमेऱ्यांत वरून चिमटा पोचत नाही, मग पुढची चामडी सोलून, पुढची प्लेट सोडवून, लेन्ससकट पुढचा भाग बाहेर घ्यावा लागतो. तिथे वायरींचा गुंता आहे, पहिल्यांदाच कॅमेरा उघडणाऱ्याने तिथे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मुंबईत फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची जुनी दुकानं आहेत, तिथे चौकशी केली की जुने हात अजून सापडतात, त्यांना "लिव्हर फिरवताना टक येत नाही, पॅड बदलायचाय" एवढं नेमकं सांगितलं तर काम लवकर होतं आणि खर्चही कमी येतो.

पानं चिकटली असतील तर

लेन्सच्या पुढे नाव लिहिलेली रिंग असते, तिला खाचा नसतात, ती घर्षणाने फिरवायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बाटलीच्या झाकणावर ताणून बसवा, रिंगवर दाबा, डावीकडे फिरवा. त्याखाली पुढच्या काचांचा संच, स्पॅनरने सुटतो. सोडवण्याआधी त्याच्या कडेला आणि बाहेरच्या बॉडीला जुळणारी पेन्सिलची बारीक रेघ मारा आणि सुटेपर्यंत किती फेरे झाले ते मोजा, बसवताना तो तिथेच बसला पाहिजे, नाहीतर फोकस बदलतो.

पानांवर तेलाचा चकचकीत थर दिसला तर तेच कारण. काडीवर लायटर फ्लुइड घेऊन पानं पुसा, शटर मारा, परत पुसा. काडी ओली हवी, टपकणारी नाही, कारण जास्तीचं फ्लुइड सगळं तेल विरघळवून आतल्या संपर्कांवर नेऊन ठेवतं. पूर्ण वाळू द्या, तासभर तरी, मग बघा, कारण ओलं असताना शटर छान चालतं आणि वाळल्यावर परत चिकटतं, तेव्हा परत पुसायचं. आणि हे अगदी कळकळीने सांगतो, पानांवर कुठलंही तेल घालायचं नाही, शिलाई मशीनचं नाही, खोबरेल नाही, डब्ल्यूडी-४० तर नाहीच. ही पानं कोरडीच चालतात.

लेन्स उघडलीच आहे तर बुरशी बघून घ्या. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती होतेच, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. ताजी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ओल्या काडीने, मग अल्कोहोलने पुसून निघते. जुनी असेल तर ती मुलामा खाऊन गेलेली असते, ठसा राहतो, पण फोटोत त्याचा फरक बहुतेक वेळा दिसतही नाही, तेव्हा घासत बसू नका. साफ झाल्यावर कॅमेरा परत त्या चामड्याच्या केसमध्ये मात्र ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच येते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, झालं.

काय उघडायचं नाही

यशिकाचाच एमएफ-२ किंवा असे आतच फ्लॅश असलेले छोटे कॅमेरे आपल्याकडे घरोघरी होते. ते उघडू नका. त्यांच्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ तसेच राहतात, झटका जोरदार बसतो. इलेक्ट्रोमध्ये फ्लॅश नाही म्हणूनच तो घरी उघडायला सुरक्षित आहे. हात अजिबातच बसलेला नसेल तर आधी अॅग्फा क्लिक ३ घ्या, बडोद्यात बनायचा तो, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, बॅटरी नाही, सर्किट नाही. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजारात फिरलात तर दिसेल. दोन-तीनदा उघडून जोडा, मग इलेक्ट्रोकडे वळा.

पहिला रोल

जोडताना स्क्रू आधी उलट दिशेने फिरवा, आटा "टुक" करून बसला की मग सुलट घट्ट करा, म्हणजे आटे कापले जात नाहीत. पूर्ण आवळू नका. सगळं बसलं की न उघडता केलेल्या तपासण्या परत सगळ्या करा, रोल भरायच्या आधी, कारण रोल आता महाग आहे.

पहिला रोल साधा २०० आयएसओचा कलर घ्या, किंवा घरी धुता येत असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. आणि त्यावर फोटो काढायचे ते तपासणीचे, वहीत लिहून: भर उन्हात एफ १६, सावलीत एफ ४, घरात एफ १.७ ने जवळचा चेहरा ०.८ मीटरवरून, लांबची टेकडी अनंतावर, संध्याकाळी टेबलावर टेकवून एक लांब एक्स्पोजर. मधे एकदा कॅमेरा दहा मिनिटं, मागचं झाकण बंदच ठेवून ती बाजू वर करून, उन्हात ठेवा, केसशिवाय, फोम नीट बसलाय का ते त्यातच कळतं.

रोल धुवायला देताना लॅबवाल्याला आधीच सांगा की निगेटिव्ह परत पाहिजेत, बरेच जण नुसते स्कॅन पाठवतात आणि स्कॅनमध्ये कडा कापलेल्या असतात. तपासायचं असतं ते कडांवरच. उजेडाचा पट्टा फोटोच्या चौकटीबाहेर, रोलच्या कडेच्या भोकांपर्यंत पसरलेला असेल तर तो मागच्या झाकणातून येतोय, कुठल्या बाजूला आहे ते बघून तिथली लोकर बदला, फक्त हे लक्षात ठेवा की रोलवर चित्र उलटं असतं, फोटोतली वरची बाजू म्हणजे कॅमेऱ्याची खालची. पट्टा चौकटीच्या आतच थांबत असेल तर फोमचा दोष नाही, उजेड लेन्सच्या बाजूने आलाय. सगळेच निगेटिव्ह गडद काळे असतील तर शटर जास्त वेळ उघडं राहतंय, परत तो टक ऐका. उन्हातले बरोबर आणि घरातले तेवढे हललेले असतील तर कॅमेऱ्याचं काही चुकलेलं नाही, पिवळा दिवा लागल्यावर कॅमेरा टेकवायचा राहिला होता. फोटोंमधलं अंतर कमी-जास्त असेल आणि दोन फोटो एकमेकांवर चढत असतील तर ते रोल ओढणाऱ्या गिअरचं दुखणं आहे, ते घरी करण्यासारखं नाही, त्या निगेटिव्हची पट्टी सोबत घेऊनच दुरुस्तीवाल्याकडे जा.